वहीत नसलेला पगार

(अंबाडी इथे बचतगटांच्या आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

निमंत्रणपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'ग्रामीण महिला आणि उद्योजकता' असा छापला आहे. हा शब्द मला जरा जड जातो. उद्योजकता म्हटलं की जिद्द, चिकाटी, यशोगाथा असं सगळं ओघाने येतं आणि शेवटी एखाद्या बाईचा सत्कार होतो. मी आज कुणाची यशोगाथा सांगणार नाही. मी आमच्या घरचा हिशेब सांगणार आहे. तो सांगताना मला थोडी लाजही वाटणार आहे. का, ते पुढे कळेल.

तुमच्यापैकी बऱ्याचजणी आज अंबाडी नाक्यावर एसटीतून उतरलात. भिवंडीहून वाड्याला जाणारा रस्ता आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे फुटणारा रस्ता इथे मिळतात. त्या नाक्याजवळ १९८९ साली माझ्या वडिलांनी आणि काकांनी पत्र्याच्या शेडमध्ये हॉटेल टाकलं. मी तेव्हा एक वर्षाची होते. पाटीवर हॉटेलचं नाव, त्याखाली 'प्रो. प्रा.' आणि पुढे अण्णांचं नाव. गल्ल्यावर अण्णा, बाहेर गिऱ्हाईक बघायला काका. आणि मागे, पडद्याआड, चुलीपाशी आई आणि काकी.

गिऱ्हाईक कमी नव्हतं. वज्रेश्वरीला जाणारे भाविक, गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळीला निघालेली मुंबईची कुटुंबं, ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, कोर्टकचेरीच्या कामासाठी ठाण्याला निघालेले वाड्याचे लोक. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, बोंबलाची चटणी, रविवारी मटण. लोक अण्णांना म्हणायचे, "शेठ, तुमच्या हाताला चव आहे." अण्णा हसायचे. त्यांनी जन्मात कधी कालथा हातात धरला नव्हता.

आई पहाटे साडेचारला उठायची. दिवसाला दीडशे-दोनशे भाकऱ्या. रात्री भांडी आवरून पाठ टेकायला साडेदहा-अकरा. ती वर्षातून दोनदा माहेरी जायची, त्या दिवशी काकी एकटी राबायची. काकी गेली की आई. दोघी एकाच वेळी घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. २००९ साली काका गेले. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी काकी पुन्हा चुलीपुढे बसली. लोक म्हणाले, "बरं झालं, मन रमतं."

आता लाजेची पहिली गोष्ट. अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता. मी लिहिलं, 'गृहिणी'. पुढे मुंबईत एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला, तिथेही 'गृहिणी'. दोन वर्षं स्त्रियांच्या अदृश्य श्रमांवर निबंध लिहिले, चांगले गुण मिळवले. सुट्टीत घरी येऊन आईच्या हातची गरम भाकरी खाल्ली आणि परत गेले. नंतर शहापूरच्या पाड्यांवर बचतगटांना वही लिहायला शिकवली. जमा कुठे लिहायची, खर्च कुठे लिहायचा, आपली मजुरी खर्चात कशी धरायची. आमच्या घरची वही मात्र मी एकदाही उघडून पाहिली नव्हती.

हे फक्त आमच्या घरचं नाही. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत 'घरच्या उद्योगातील मदतनीस' असा एक वर्ग आहे. म्हणजे काम करतो, पण पगार नाही आणि मालकीही नाही. २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशात काम करणाऱ्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त या वर्गात मोडतात. शेतात, दुकानात, खानावळीत, मागावर. त्याशिवाय घरचं काम आहेच. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ९७. आमच्या आईच्या बाबतीत तर घर कुठे संपतं आणि हॉटेल कुठे सुरू होतं हेच सांगता यायचं नाही. गिऱ्हाइकाच्या आणि आमच्या भाकऱ्या एकाच तव्यावर व्हायच्या.

हॉटेल एका दिवसात बसलं नाही. रस्त्यावर खड्डे पडत गेले. वातानुकूलित ढाबे झाले, चायनीजच्या गाड्या आल्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वाडा तिकडे गेलं, आम्ही ठाण्यात राहिलो. जिल्ह्याच्या कामासाठी आमच्या दारावरून जाणारं वाड्याचं गिऱ्हाईक आटलं. अण्णांनी एक पंखा वाढवला, मेनूत मंचुरियन घातलं. ते करायला आईला शिकावं लागलं. उधारी वाढली तशा आधी आईच्या पाटल्या गहाण गेल्या, मग काकीच्या. नंतर मार्च २०२० आला. टाळेबंदी झाली आणि शटर खाली गेलं.

त्या पावसाळ्यात घरात रोज एकच विषय. धाकट्या भावाचं म्हणणं, जागा बिअरबारला भाड्याने देऊ. भिवंडी परिसरात गोदामं वाढली आहेत, इथेही कुणी गाळा मागेल. अण्णांचं म्हणणं, थोडं कर्ज काढू, एसी लावू, पुन्हा हॉटेल चालवू. आई गप्प. एका रात्री काकी म्हणाली, "बाय, एक सांगू? लोक जेवून उठताना काय विचारायचे ते तुम्ही कुणी ऐकलं नाही. आम्हाला पडद्यामागे ऐकू यायचं. म्हणायचे, हा मसाला विकत मिळेल का? हा तांदूळ कुठला? ही चटणी बांधून द्याल का?"

आणि खरंच, टाळेबंदीतही दोन जुन्या गिऱ्हाइकांचे मसाल्यासाठी फोन येऊन गेले होते. लोकांना आमच्या टेबलखुर्च्या नको होत्या. त्यांना हवा होता तो मसाला, तांदूळ, पापड, सुकं. म्हणजे या दोघींच्या हातचं काम. मग थाळी विकण्याऐवजी तेच का विकू नये? इथल्या मातीतल्या, इथल्या बायांच्या हातच्या जिनसांचं दुकान करावं.

कल्पना सगळ्यांना पटली. भांडण झालं ते हिशेबावर.

मी अण्णांची २०१९ ची वही मागितली. ती त्यांनी नीट ठेवली होती. किराणा, गॅस, मटण, वीज, भांडी घासायला आणि भाकऱ्यांना मदतीला असलेल्या दोघींची मजुरी, सगळं होतं. सरासरी महिन्याला बावीस हजार उरत होते. अण्णा म्हणाले, "बघ, धंदा नफ्यातच होता. रस्त्याने आणि करोनाने मारलं." मी विचारलं, "आई आणि काकी नसत्या तर आचारी किती घेतला असता?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "बारा हजार तरी." दोघींचे चोवीस. मी ते बावीसच्या खाली लिहिलं आणि वजा केलं. दोन हजारांचा तोटा. दर महिन्याला.

खोलीत कुणी बोललं नाही. मग अण्णा चिडून म्हणाले, "मग माझा पगार कुठे आहे? मी काय गल्ल्यावर झोपा काढत होतो?" त्यांचं बरोबर होतं. त्यांचाही पगार वहीत नव्हता. तो धरला असता तर तोटा आणखी वाढला असता. पण एक फरक होता. उरलेले बावीस हजार त्यांच्या हातात येत होते. त्यांचं काय करायचं ते अण्णा ठरवत होते. आईला वाणसामानाला पैसे मागावे लागत.

मैत्रिणींनो, मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. आमचं हॉटेल रस्त्याने बुडवलं नाही आणि करोनानेही नाही. ते दोन बायांच्या फुकटच्या कामावर उभं होतं, म्हणून नफ्यात दिसत होतं. पगार लिहिला असता तर आम्हाला दहा वर्षं आधीच कळलं असतं की थाळीचा भाव चुकतोय. तोटा वहीत दिसला नाही, कारण तो आईच्या गुडघ्यांत आणि काकीच्या कंबरेत साठत होता.

अशा कामाचा हिशेब मांडणाऱ्या बाया आपल्याकडे आधी होऊन गेल्या आहेत. मुंबईच्या गिरणगावात गावाहून आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. धान्य उधार, व्याज भरमसाट, दागिना गहाण. हजारो कामगारांचं पोट त्या भरत, पण त्यांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवातीला चौदाजणींना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकमेकींची हमी एकमेकींनी घेतली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार गावाकडे गेले आणि खानावळींचं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. तेव्हा अन्नपूर्णाच्या बायांनी बाहेरच्या जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. हात तेच, पदार्थ तेच, विकायची रीत बदलली. आम्ही केलं ते त्यातलंच, अगदी लहान प्रमाणावर.

दुसरं उदाहरण लिज्जतचं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जत किती मोठं झालं हे सगळे सांगतात. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की लाटणारी बहीणच तिथे मालकीण आहे. लाटणारी एक आणि मालक दुसरा, असं त्यांनी होऊ दिलं नाही.

आता आम्ही काय केलं ते सांगते, कारण तुमच्यातल्या काहीजणी असंच काही सुरू करायच्या विचारात आहेत.

नव्या वहीत पहिल्या पानावर, भांडवलाच्याही आधी, आईचा आणि काकीचा पगार लिहिला. मग भाव काढले. मसाल्याचं सांगते. २०२१ साली एक किलोला मिरची, धने, खडा मसाला मिळून ४२० रुपये, डंकावर कांडायचे ४०, पिशवी आणि लेबल १५. झाले ४७५. अण्णा म्हणाले, "पाचशेला विकू, लोक खूश होतील." पण चाळीस किलो मसाल्याला दोघींचे चार दिवस जातात. देठं काढणं, निवडणं, वाळवणं, भाजणं. दिवसाला चारशे रुपये धरले तर ३२०० होतात, म्हणजे किलोला ८० रुपये. पाचशेला विकला असता तर दर किलोला ५५ रुपये आई-काकीने स्वतःच्या अंगचे घातले असते. भाडं, वीज, कर्जाचा हप्ता धरून आम्ही ६४० भाव ठेवला. पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक कुरकुरलं. दुसऱ्या महिन्यात परत आलं. सगळं नाही आलं, हेही सांगते.

हिशेबाने काही गोष्टी बंदही करायला लावल्या. पुरणपोळी बंद केली. मजुरी धरली तर ती परवडत नव्हती आणि दोन दिवसांत उरलेली टाकावी लागत होती. तांदळाचे पापड, फेण्या, कुरडया ठेवल्या. पहिल्याच जुलैत पापडांना ओल लागून दोन डबे फेकले, तेव्हापासून उन्हाळ्यात करून पावसाआधी विकून मोकळं व्हायचं ठरवलं.

तांदळाची गंमत ऐका. वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे वाडा तालुक्यात पिकलेल्या तांदळालाच ते नाव लावता येतं. आमचं शेत भिवंडी तालुक्यात. बियाणं तेच, पण हद्द वेगळी. भाऊ म्हणाला, "कोण बघतंय? लिही वाडा कोलम." काकीने ठाम नकार दिला. वाड्याच्या शेतकऱ्यांकडून घेतलेला तांदूळ वेगळ्या पोत्यात, त्याला ते नाव. आमच्या शेतातल्याला 'अंबाडीचा कोलम'. दुसरा किलोमागे थोडा स्वस्त. तोही खपतो.

कागदपत्रांना घाबरू नका. अन्न सुरक्षा कायद्याखाली लहान धंद्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. आम्ही २०२१ साली केली तेव्हा बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये शुल्क होतं. पाकिटावर जिनसेचं नाव, घटक, वजन, किंमत, बनवल्याचा महिना, करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक लागतो. दळणयंत्रासाठी २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अर्ज केला. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान, असा तेव्हा तिचा नियम होता. एका बँकेत आई आणि काकी दोघी गेल्या तर साहेब म्हणाले, "मिस्टरांना घेऊन या." काकीने सांगितलं, "ते २००९ साली गेले." तरी त्या कामाला नऊ महिने लागले.

पण खरा कागद वेगळाच होता.

धंद्यात पैसे घालायचे तर आधी जागेचे कागद साफ करू, असं भावाने काढलं. जमीन आजोबांची. साफ करायचे म्हणजे काय, तर मी आणि काकीने हक्कसोड पत्रावर सह्या करायच्या. आमच्या आत्यांनी पूर्वी अशाच सह्या केल्या होत्या. साडी-चोळी घेऊन, डोळे पुसत. आता माझी पाळी होती. मी लग्न होऊन कल्याणला गेलेली, नोकरी करणारी. मला काय कमी आहे?

मी शिबिरांतून शंभरदा सांगितलं आहे की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ साली तो कायदा केला, देशात २००५ साली झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात होते की नाही यावर तो हक्क अवलंबून नाही. हे दुसऱ्या बायांना सांगणं सोपं होतं. स्वतःच्या वडिलांसमोर बसून 'मी सही करणार नाही' म्हणताना माझा आवाज फुटेना. शेवटी म्हटलं. अण्णा तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. आई फोनवर रडायची. "तुला कशाला हवाय तुकडा?" म्हणायची. मला तुकडा नको होता. पण मी सही केली असती तर काकीला 'नाही' म्हणायला जागाच उरली नसती.

आणि काकीचं तर आणखीच पुढचं होतं. काका जाऊन बारा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांची वारस नोंदच झाली नव्हती. काकीला मूलबाळ नाही. कागदावर ती त्या घरात कुणीच नव्हती. जिथे तिने तीस वर्षं भाकऱ्या थापल्या तिथून उद्या तिला कुणी ऊठ म्हटलं असतं तर ती उठली असती. आम्ही दोघी तलाठ्याकडे गेलो, अर्ज दिला, चकरा मारल्या. फेरफार मंजूर झाला. काकाच्या जागी काकीचं नाव लागलं. त्या दिवशी तिने उतारा पदराने पुसला आणि घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला.

त्यानंतर तोड निघाली ती काकीनेच सुचवली. जागा अण्णांची आणि काकीची, धंदा आईचा आणि काकीचा. धंद्याने जागेचं भाडं भरायचं. भागीदारीचा कागद दोघींचा, खातं दोघींच्या सहीचं. अण्णांना दर महिन्याला भाडं मिळतं. काउंटरवर बसतात त्याचा वेगळा पगार. गावात हसले लोक. बायको नवऱ्याला भाडं देते म्हणे! हसू देत. भाडं हातात पडू लागल्यावर अण्णांना पुन्हा मान वर करून चालता आलं, हे मी पाहिलं आहे. माझे वडील दुष्ट नव्हते. त्यांच्या वडिलांच्या वहीत तो रकाना नव्हता, म्हणून त्यांच्याही वहीत नव्हता.

२०२१ च्या दसऱ्याला दुकान उघडलं. पाटीवर दोघींची नावं आहेत.

आता लाजेची दुसरी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसले तर हे भाषण खोटं ठरेल.

हॉटेलात मदतीला असलेल्या ज्या दोघींचा मघाशी उल्लेख केला, त्यांतली एक जवळच्या पाड्यावरची आदिवासी बाई. पंधरा वर्षं आमच्याकडे होती. मार्च २०२० मध्ये शटर पडलं तेव्हा तिला त्या महिन्याचे दिवस मोजून पैसे दिले आणि 'बोलावू' म्हटलं. बोलावलं नाही. हॉटेलचं दुकान झालं, त्यात भांडी घासायचं कामच उरलं नाही. आमच्या घरच्या दोन बाया मालकिणी झाल्या, त्यात दोन बायांची मजुरी गेली. मी त्या सगळ्या हिशेबात इतकी रमले होते की हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती रानभाज्या घेऊन आली. शेवळं, कंटोळी, टाकळा. शेवळं घशाला खाजतात, म्हणून सोबत काकडं द्यावी लागतात. शहरातल्या गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं, तिने जुडीतच घालून आणली होती. आम्ही जुडी दहा रुपयांना घेतली आणि तीसला विकली. दोन आठवडे असं चाललं. तिसऱ्या आठवड्यात मी दुकानात होते. तिने भिंतीवरच्या फळ्यावरचा भाव बघितला आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही आईचा हिशेब केला म्हणतात. माझा कधी करणार?"

मी काय उत्तर देणार? तिची पहाटेची रानातली पायपीट, पावसातलं वेचणं, निवडणं, जुडी बांधणं, कशाचीही किंमत आम्ही धरली नव्हती. अण्णांनी आईशी जे केलं तेच आम्ही तिच्याशी करत होतो, आणि तेही स्त्रियांच्या नावाची पाटी लावून.

बोलणी झाली. सोपी नव्हती. आईच म्हणाली, "आम्हालाच कुठे उरतंय?" हे वाक्य अण्णांच्या तोंडून आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं होतं. शेवटी ठरलं की रानभाजीच्या विक्रीतले निम्मे आणणारीचे, आणि फळ्यावर दोन्ही आकडे लिहायचे: आणणारीला किती, दुकानाला किती. पापडाच्या हंगामात ती आणि पाड्यावरच्या आणखी चौघी मजुरीवर येतात. आधी नगावर मजुरी होती. नगावर असली की बाई पाणी प्यायलाही उठत नाही, मान मोडेपर्यंत लाटते. आता दिवसावर आहे, आईच्या मजुरीला जो दर धरला तोच. पण त्या अजून भागीदार नाहीत. लिज्जतच्या सातजणींनी जे पहिल्या दिवशी केलं ते आम्हाला चार पावसाळे उलटूनही जमलेलं नाही. मी त्याबद्दल घरात बोलते तेव्हा आता आई आणि काकी गप्प बसतात. तो गप्पपणा मला ओळखीचा आहे.

दुकान बरं चाललं आहे. फार नाही. पावसाळ्यात रस्ता खराब झाला की गिऱ्हाईक रोडावतं. पण आईच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला पगार जमा होतो. सोमवारी दुकान बंद असतं. बत्तीस वर्षांनी तिला आठवड्याची सुट्टी मिळाली. पहिल्या काही सोमवारी ती सुट्टीचं काय करावं ते न कळून डबेच घासत बसली. काकीच्या पाटल्या सुटल्या, आईच्या लिलावात गेल्या, त्या गेल्याच.

मैत्रिणींनो, आपल्या पुढच्या बैठकीत एकच काम करा. ज्या घरात दुकान आहे, टपरी आहे, माग आहे, शेत आहे, त्या घरातली वही मागून बघा. तीत घरच्या बाईचा पगार लिहिलाय का? जागेच्या कागदावर तिचं नाव आहे का? विधवा सुनेची वारस नोंद झाली आहे का? वही देत नसतील तर का देत नाहीत ते विचारा. आणि तुमचा स्वतःचा गट काही विकत असेल तर तुमच्या वहीत तुमच्याखाली कोण आहे तेही बघा. ती बाई विचारायला येईपर्यंत थांबू नका. आम्ही थांबलो.

आता जेवणाची वेळ झाली आहे. आजचं जेवण आमच्या दुकानातल्याच बाया करून आणताहेत. तांदळाची भाकरी आहे, वालाचं बिरडं आहे. ते फुकट नाही. आयोजकांनी पानामागे ठरलेले पैसे दिलेत आणि त्यात भाकऱ्या थापणाऱ्या पाचहीजणींची मजुरी धरलेली आहे. तेव्हा संकोच न करता पोटभर जेवा. आणि ताट आपलं आपण घासून ठेवा, कारण ती मजुरी धरलेली नाही.